चुकलेल्या प्रयोगाचे ऋण

१ जून १८८९. पॅरिसमधील सोसिएते द बिओलोजी या जीवशास्त्र संस्थेच्या सभेत ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणग्रंथींचा अर्क आपण स्वतःच्या कातडीखाली टोचून घेत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे आपली गेलेली शक्ती परत आली असून, जिने धावत चढता येतात, प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहता येते आणि रात्री जेवणानंतरही अवघड लेखन करता येते, असे त्यांचे सांगणे होते. एखाद्या वैदूने हे सांगितले असते तर सभेने ते हसण्यावारी नेले असते. परंतु बोलणारे होते चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार. क्लोद बर्नार यांच्यानंतर कोलेज द फ्रान्समधील अध्यासनावर बसलेले, मज्जारज्जूवरील संशोधनाने युरोप-अमेरिकेत कीर्ती मिळवलेले आणि याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते चुकीचे होते, हे आज निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. तरीही आपल्या देहातील संप्रेरकांचे शास्त्र ज्या वाटेने पुढे गेले, त्या वाटेच्या आरंभी हाच माणूस उभा आहे. चूक आणि दूरदृष्टी एकाच व्यक्तीत, किंबहुना एकाच प्रयोगात, इतकी एकजीव झाल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत.

ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई येथे झाला. वडील एडवर्ड ब्राउन हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे, जहाजाचे कप्तान. आई शार्लोत सेकार फ्रेंच वंशाची. बेट फ्रेंचांच्या हातून १८१० मध्येच ब्रिटिशांकडे गेले होते. म्हणजे वडील अमेरिकी, आई फ्रेंच आणि मुलगा जन्माने ब्रिटिश प्रजाजन. कोणत्याही एका देशाचे होऊन राहणे या माणसाच्या नशिबी नव्हते, याची जणू ही नांदीच. वडिलांचे तोंड त्याने पाहिले नाही. बेटावर अन्नटंचाई असताना भारतातून तांदूळ आणण्यासाठी गेलेले त्यांचे जहाज परत आलेच नाही, अशी हकीकत सांगितली जाते. आईने शिवणकाम करून मुलाला वाढवले. त्याच्या किशोरवयात, १८३४ पासून, पोर्ट लुईच्या धक्क्यावर भारतातून करारबद्ध मजुरांची जहाजे लागू लागली. त्या ओघात पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही तेथे गेली आणि मॉरिशसमधील मराठी समाजाचा पाया घातला गेला.

१८३८ मध्ये मायलेक पॅरिसला आले. तरुण एदुआरला वैद्य व्हायचे नव्हते, साहित्यिक व्हायचे होते. आपली हस्तलिखिते घेऊन तो त्या काळचे नामवंत लेखक शार्ल नोदिए यांच्याकडे गेला. लेखणीवर पोट भरणार नाही, असा सल्ला त्यांनी दिला आणि तो त्याने मानला. वैद्यकाचे शिक्षण सुरू असतानाच आई गेली. तिच्या स्मरणार्थ तिचे आडनाव त्याने स्वतःच्या नावाला कायमचे जोडून घेतले. १८४६ मध्ये मज्जारज्जूवरील प्रबंध सादर करून तो डॉक्टर झाला.

त्या प्रबंधापासून सुरू झालेल्या संशोधनाने त्यांचे नाव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत अजरामर केले. मज्जारज्जूचा केवळ अर्धा भाग, डावा किंवा उजवा, छेदला गेला तर काय होते, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. ज्या बाजूला छेद, त्या बाजूची हालचाल जाते. परंतु वेदना आणि उष्ण-थंडाची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते. याचा अर्थ असा, की वेदनेचे संदेश वाहणारे तंतू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी मज्जारज्जूतच बाजू बदलतात. आजही सुरा लागलेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झालेला एखादा रुग्ण अशी लक्षणे घेऊन येतो, तेव्हा डॉक्टर त्या अवस्थेला ब्राउन-सेकार यांच्याच नावाने ओळखतात.

कीर्ती मिळाली, पैसा मिळाला नाही. पैसा मिळवण्याची कलाच त्यांच्याकडे नव्हती. १८५२ मध्ये ते अमेरिकेला गेले, १८५३ मध्ये बोस्टनच्या एलन फ्लेचर यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि १८५४ मध्ये ते जन्मभूमी मॉरिशसला परतले. तेथे कॉलऱ्याने थैमान घातले होते. रुग्णसेवेत त्यांनी स्वतःला झोकून दिले. अफूच्या अर्काचा या रोगावर किती उपयोग होतो हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णांची वांती स्वतः गिळली आणि मग अफू घेतली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ते मरणाच्या दारातून परत आले. बेटावरील लोकांनी कृतज्ञतेने त्यांच्या नावे सुवर्णपदक पाडले.

स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची ही ओढ त्यांना आयुष्यभर होती. जठरातील पाचकरस मिळवण्यासाठी दोऱ्याला बांधलेले स्पंजाचे तुकडे गिळून ते पुन्हा ओढून काढण्याचे प्रयोग त्यांनी इतके केले, की गिळलेले अन्न आपोआप तोंडात परत येण्याची व्याधी त्यांना कायमची जडली. व्हर्जिनियातील रिचमंडच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना, कातडीचे कार्य थांबले तर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी सर्वांगाला व्हार्निश फासून घेतले. एका विद्यार्थ्याने वेळीच पाहून ते खरवडून काढले म्हणून जीव वाचला, अशी आठवण सांगितली जाते. रिचमंडला ते फार काळ टिकले नाहीत. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात गुलामगिरी अजून कायदेशीर होती. ब्राउन-सेकार यांना ती मान्य नव्हती आणि त्यांचा सावळा वर्णही तेथील प्रतिष्ठितांच्या डोळ्यांवर येत होता, असे चरित्रकार सांगतात.

पॅरिसला परतल्यावर १८५६ मध्ये त्यांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. आदल्याच वर्षी लंडनचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराचे वर्णन केले होते. या चिमुकल्या ग्रंथींना नळी नाही, त्यांतून बाहेर काही पाझरत नाही. मग त्या हव्यात कशाला? ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या आणि ते प्राणी हटकून मेले. नळी नसलेली ग्रंथीही रक्तात असे काही सोडत असली पाहिजे ज्यावाचून जगणे अशक्य आहे, हा विचार त्यांच्या मनात येथून पक्का झाला. पुढील तीस-पस्तीस वर्षे तो त्यांच्यासोबत राहिला.

त्या वर्षांत त्यांचा पाय एका जागी ठरला नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील पक्षाघात व अपस्माराच्या रुग्णालयात त्यांनी नाव काढले. रुग्णांची रीघ लागली आणि संशोधनाला वेळ उरेना, तेव्हा त्यांनी ती भरभराटीची वैद्यकी सोडून दिली. १८६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मज्जासंस्थेच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १८६८ मध्ये शार्को आणि व्हुल्पियां यांच्या साथीने त्यांनी फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे नियतकालिक काढले. मग पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा युरोप. अटलांटिक महासागर त्यांनी किती वेळा ओलांडला याची गणती करणेही अवघड. तीन विवाह झाले. अखेर १८७८ मध्ये क्लोद बर्नार यांच्या निधनानंतर कोलेज द फ्रान्सने त्यांना बोलावले. त्यांनी फ्रेंच नागरिकत्व पत्करले आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा माणूस प्रथमच स्थिरावला.

या प्रवासात त्यांच्या हातून चुकाही घडल्या. गिनीपिगच्या मज्जासंस्थेला इजा करून निर्माण केलेला अपस्मार त्याच्या पिल्लांतही उतरतो, असा त्यांचा दावा होता. डार्विननेही त्याची दखल घेतली होती. परंतु पुढे तो टिकला नाही. मनात कल्पना रुजली की प्रयोगात ती दिसू लागावी, हा धोका त्यांच्या तीव्र बुद्धीला जन्मभर चिकटलेला होता. १८८९ च्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

वृषणग्रंथींचा देहाशी आणि स्वभावाशी संबंध आहे, हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज कधीच नव्हती. आपल्याकडील शेतकऱ्याला ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. खच्ची केलेला गोऱ्हा शांत, कष्टाळू बैल होतो. न केलेला वळू आवरता आवरत नाही. मनोबलाचे खच्चीकरण हा शब्दप्रयोग आपण नित्य वापरतो, तो याच अनुभवातून आला आहे. पण हे घडते कसे? याचे पहिले शास्त्रीय उत्तर १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी दिले होते. त्यांनी सहा तरुण कोंबड्यांच्या वृषणग्रंथी काढल्या. काहींना तसेच ठेवले, तर काहींच्या पोटात ग्रंथी पुन्हा बसवली. ज्यांना ग्रंथी परत मिळाली त्यांचा तुरा वाढला, ते आरवू लागले, भांडू लागले, कोंबड्यांच्या मागे लागले. उरलेल्यांचा तुरा सुकला आणि ते मवाळ झाले. नव्या जागी बसवलेल्या ग्रंथीला पूर्वीच्या मज्जातंतूंचा संबंध उरला नव्हता. म्हणजे परिणाम रक्तावाटेच होत होता. इतका स्वच्छ प्रयोग. पण तो कित्येक दशके विस्मृतीत पडून राहिला.

ब्राउन-सेकार यांची विचारसरणी मात्र वेगळ्या बाजूने आली होती. वृषणग्रंथी रक्तात शक्तिदायक द्रव्य सोडतात आणि वार्धक्यात ते कमी पडते म्हणून माणूस थकतो, असे त्यांचे अनुमान होते. १८६९ मधील व्याख्यानांतच त्यांनी ते सूचित केले होते. १८७५ मध्ये बोस्टनजवळील नाहंट येथे त्यांनी कुत्र्यांवर काही प्रयोगही केले. या अनुमानात त्यांनी एक जुनी समजूतही मिसळली होती. वीर्याचा व्यय म्हणजे शक्तीचा व्यय, ही ती समजूत. आपल्याकडील वाचकाला ती चांगलीच परिचित आहे आणि तिला आधार नाही हेही आता सांगायला हवे. वीर्य आणि पुरुषसंप्रेरक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. संप्रेरक ग्रंथीतून थेट रक्तात जाते. वीर्याबरोबर त्याचा साठा संपत नाही.

सत्तरी ओलांडलेले ब्राउन-सेकार स्वतः खचत चालले होते. प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले की बसावे लागे, संध्याकाळी घरी येताच अंथरूण गाठावे लागे. १८८९ च्या मे महिन्याच्या मध्यास त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या ग्रंथी थोड्या पाण्यात चुरडून, गाळून, तो द्रव स्वतःला टोचायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत सुमारे दहा वेळा त्यांनी हे केले. टोचलेल्या जागी असह्य वेदना होत. पण पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना फरक जाणवला. ते मोजमाप करणारे शास्त्रज्ञ होते, म्हणून त्यांनी शक्तिमापकावर हाताची पकड मोजली. ती सहा-सात किलोंनी वाढली होती. मूत्राची धार किती लांब पडते, हेही त्यांनी मोजले. ती एक चतुर्थांशाने वाढली होती. इंजेक्शने थांबवल्यानंतर सुमारे महिनाभराने पूर्वीचा थकवा हळूहळू परतला, हेही त्यांनी लपवले नाही. जुलै महिन्यात लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे सारे इंग्रजीत प्रसिद्ध केले.

आपल्या मनाची ही समजूत तर नसेल, ही शंका त्यांनाही आली होती आणि त्यांनी ती लेखात मांडलीही. इतर वयस्क डॉक्टरांनी स्वतःवर पडताळा घ्यावा, असे त्यांचे आवाहन होते. पॅरिसमधील डॉ. वारियो यांनी ५४ ते ६८ वर्षे वयाच्या तीन पुरुषांना काय टोचले जात आहे ते न सांगता इंजेक्शने दिली आणि तिघांनाही बरे वाटल्याचे कळवले. परंतु ताकदीचे औषध देत आहोत, एवढे त्या रुग्णांना सांगितले होते. आणि टोचणाऱ्या डॉक्टरला तर सारेच ठाऊक होते. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही अंधारात ठेवून औषधाची परीक्षा घेण्याची रीत वैद्यकात अजून रुळायची होती.

बातमी वणव्यासारखी पसरली. वृत्तपत्रांनी त्या अर्काला जीवनामृत ठरवले. जाहिराती झळकल्या, नाना तऱ्हेचे अर्क बाजारात आले. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील बेसबॉलपटू पड गॅल्विन याने सामन्यापूर्वी हा अर्क टोचून घेतल्याची बातमी छापून आली. खेळात उत्तेजक द्रव्य वापरल्याच्या आधुनिक इतिहासातील ती अगदी आरंभीची नोंद ठरली. दुसरीकडे थट्टेला ऊत आला. जर्मन वैद्यकीय जगताने या साऱ्याची गणना जवळजवळ म्हातारचळातच केली. ब्राउन-सेकार यांनी स्वतः या व्यापारातून काही कमावले नाही. सहकारी दार्सोंव्हाल यांच्यासह प्रयोगशाळेत अर्क तयार करून तो ते डॉक्टरांना पडताळणीसाठी विनामूल्य पाठवत राहिले. खोट्या आणि अस्वच्छ अर्कांमुळे रुग्णांना होणाऱ्या इजेचे खापर मात्र त्यांच्याच माथी फुटत होते.

१८९१ मध्ये या दोघांनी आपला विचार अधिक व्यापक केला. केवळ ग्रंथीच नव्हे, तर शरीरातील प्रत्येक ऊती रक्तात काही खास द्रव्ये सोडते आणि त्यांच्याद्वारे अवयव परस्परांवर नियंत्रण ठेवतात, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइड ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि ती खरोखरीच बरी झाली. पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. ग्रंथींच्या अर्काने रोग बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले.

३ वर्षांनी, एप्रिल १८९४ च्या आरंभी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना ब्राउन-सेकार पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांची तिसरी पत्नी थोड्याच काळापूर्वी गेली होती. संप्रेरक हा शब्द ज्याला प्रतिशब्द म्हणून आपण वापरतो तो हॉर्मोन हा शब्दही तोवर जन्मला नव्हता. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ मध्ये रूढ केला.

मग त्यांच्या प्रयोगात नेमके चुकले काय? याचे उत्तर मिळायला १९३५ साल उजाडावे लागले. ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या चमूने वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणग्रंथींमधून अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरोन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिचका यांनी ते कृत्रिमरीत्या बनवले. हे द्रव्य कोलेस्टेरॉलपासून बनते. ते तेलात विरघळते, पाण्यात जवळपास नाही. शिवाय थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक कित्येक आठवडे पुरेल इतके साठवून ठेवते, तर वृषणग्रंथी ते तयार होताच रक्तात सोडून देतात. म्हणून मरे यांचा अर्क लागू पडला आणि ब्राउन-सेकार यांच्या पाण्यातील अर्कात संप्रेरक उतरलेच नाही. प्रौढ पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन बनवते. लाकर यांच्या हिशेबाने तेवढ्यासाठी ५० ते ७० किलो ग्रंथी लागल्या असत्या. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राउन-सेकार यांच्याच कृतीने कुत्र्याच्या ग्रंथींचा अर्क तयार करून तपासला. त्यातील टेस्टोस्टेरोन उपचाराच्या मात्रेपेक्षा हजारो पटींनी कमी भरले. शिवाय खऱ्या संप्रेरकानेही स्नायूंची शक्ती एका रात्रीत वाढत नाही. त्याला आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी जी उमेद आली, ती अर्काची नव्हती, अपेक्षेची होती.

संप्रेरके खरोखर काय करतात, हे त्यानंतर हळूहळू उलगडत गेले. आईच्या उदरातच, गर्भ अवघा काही आठवड्यांचा असताना, मुलाच्या वृषणग्रंथी टेस्टोस्टेरोन स्रवू लागतात आणि त्यामुळे बाह्य जननेंद्रिये पुरुषाची होतात. १९५९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात गाभण गिनीपिग माद्यांना टेस्टोस्टेरोन देण्यात आले. त्यांना झालेल्या मादी पिल्लांचे मोठेपणीचे लैंगिक वर्तन नरासारखे झाले. ज्या प्राण्याच्या ग्रंथी ब्राउन-सेकार यांनी चुरडल्या, त्याच प्राण्याने दाखवून दिले की संप्रेरके जन्मापूर्वी मेंदूची घडण करतात आणि वयात आल्यावर त्या घडणीला चालना देतात. पौगंडावस्थेत आवाज फुटतो, दाढी येते, स्नायू भरतात, ते याच द्रव्यामुळे. मात्र पुरुषाचे आणि स्त्रीचे संप्रेरक अशी काटेकोर वाटणीही निसर्गाला मंजूर नाही. १९३४ मध्ये घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक विपुल प्रमाणात सापडले. टेस्टोस्टेरोनचा काही अंश पुरुषाच्याही मेंदूत आणि हाडांत इस्ट्रोजेन होऊनच काम करतो. १९९४ मध्ये नोंदवलेल्या एका पुरुषाच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याची उंची वाढतच होती आणि हाडे ठिसूळ होती.

वर्तनाविषयी मात्र जपून बोलावे लागते. टेस्टोस्टेरोन म्हणजे आक्रमकता, हे समीकरण लोकप्रिय आहे. परंतु माणसात हा संबंध क्षीण आणि प्रसंगानुरूप आढळतो. शिवाय तो दुहेरी आहे. स्पर्धेतील जय-पराजयानेही संप्रेरकाची पातळी चढते-उतरते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिचमधील एका प्रयोगात शंभराहून अधिक स्त्रियांपैकी काहींना टेस्टोस्टेरोन आणि काहींना निष्क्रिय औषध देऊन पैशांच्या वाटणीचा एक खेळ खेळायला सांगितले. प्रत्यक्ष संप्रेरक मिळालेल्या स्त्रियांनी अधिक न्याय्य वाटणी देऊ केली. आपल्याला संप्रेरक मिळाले आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी मात्र, ते मिळालेले असो वा नसो, अधिक अन्यायी वाटणी केली. संप्रेरकाचा परिणाम एका दिशेला आणि त्याविषयीच्या समजुतीचा परिणाम दुसऱ्या दिशेला! ब्राउन-सेकार यांना नेमकी हीच गाठ सोडवता आली नव्हती.

त्यांच्यानंतरही अनेकांना ती सुटली नाही. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये व्होरोनॉफ यांनी धनिकांच्या देहात माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसवले. व्हिएन्नाच्या स्टाइनाख यांनी सुचवलेली, वीर्यवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया फ्रॉइडने १९२३ मध्ये आणि कवी येट्सने १९३४ मध्ये करून घेतली. आज हीच आशा मलम आणि इंजेक्शनांच्या रूपाने विकली जाते. ज्यांच्या ग्रंथीच निकामी आहेत त्यांना टेस्टोस्टेरोनचा उपचार निःसंशय उपयोगी पडतो. पण नुसत्या वयाने थकलेल्यांचे काय? २०१६ मध्ये अमेरिकेतून या प्रश्नाचे काटेकोर उत्तर आले. पासष्टी ओलांडलेल्या आणि टेस्टोस्टेरोन कमी असलेल्या ७९० पुरुषांपैकी काहींना वर्षभर खरे संप्रेरक आणि काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय मलम दिले गेले. कोणाला काय मिळते आहे, हे ना रुग्णाला ठाऊक होते, ना डॉक्टरला. कामेच्छेत मध्यम सुधारणा झाली, मनःस्थिती किंचित सुधारली. पण ज्या उत्साहासाठी ब्राउन-सेकार यांनी सुई हाती घेतली होती, त्यात निर्णायक फरक दिसला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण वाढले नाही. परंतु हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले.

मॉरिशसमधील बो बासाँ येथे मानसिक आरोग्याचे रुग्णालय आज ब्राउन-सेकार यांच्या नावाने उभे आहे. मनाचा देहावर किती अधिकार चालतो, हे ज्याच्या शेवटच्या प्रयोगाने नकळत दाखवून दिले, त्याचे नाव अशा वास्तूला असावे हे उचितच होय. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या देहाला प्रयोगशाळा केले. त्या देहाने कॉलरा सोसला, व्हार्निश सोसले, जठरातील स्पंज सोसले आणि प्रत्येक वेळी प्रामाणिक साक्ष दिली. अखेरच्या वेळी मात्र साक्षीदार स्वतःच निकालाची आस लावून बसला होता. तरीही ग्रंथी रक्तावाटे साऱ्या देहाशी बोलतात, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले. त्यांचे उत्तर चुकले. प्रश्न चुकला नव्हता. ताकदीच्या नावाने काहीही टोचून घेण्यापूर्वी त्या वृद्ध प्राध्यापकाची आठवण ठेवणे, हेच त्यांचे ऋण मानणे ठरेल.